वाचताना ओळी मिसळतात, चष्म्याचा नंबर नाही. व्हिजन थेरपी घ्यावी का?

प्रश्न (एक पालक):
माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. फळ्यावरचे तिला स्वच्छ दिसते, चष्मा लागलेला नाही. परंतु पुस्तक हाती घेतल्यावर थोड्याच वेळात तिचे डोळे दुखू लागतात, कपाळ ठणकते आणि ओळी एकमेकींत मिसळतात, असे ती सांगते. एका केंद्राने व्हिजन थेरपी (डोळ्यांच्या व्यायामांचा उपचार) सुचवली असून तिचे वाचन आणि गुणही त्यामुळे सुधारतील, असे आश्वासन दिले आहे. या उपचाराचा नेमका कोणाला उपयोग होतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (ऑप्टोमेट्रिस्ट):
आपण दिलेली लक्षणे ‘कन्व्हर्जन्स इन्सफिशिअन्सी’ या दोषाशी जुळतात, मात्र तपासल्याशिवाय निदान करता येत नाही. जवळचे पाहताना दोन्ही डोळे एकाच वेळी नाकाकडे वळावे लागतात. ते वळणे अपुरे पडले, तर अक्षरे दुहेरी दिसतात किंवा ती एकत्र ठेवण्याच्या प्रयत्नात डोळे थकतात. दृष्टी ६/६ असूनही हे घडू शकते, त्यामुळे भिंतीवरचा तक्ता वाचून घेणे येथे पुरेसे नसते. प्रथम डोळ्यांत थेंब घालून लपलेला प्लसचा (+) नंबर नाही ना, हे पाहावे. त्यानंतर बारीक अक्षर हळूहळू नाकाजवळ आणून ते किती अंतरावर दुहेरी होते, हे मोजतात. हे अंतर ६ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक भरले, तर दोषाची शंका बळावते.

या एका दोषासाठी थेरपीचा पुरावा चांगला आहे. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९ ते १७ वर्षे वयाची २२१ मुले होती. दवाखान्यात आठवड्याला तासभर देखरेखीखाली आणि घरी थोडा वेळ व्यायाम केलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के मुलांत १२ आठवड्यांनी यश किंवा सुधारणा आढळली. केवळ घरी पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम केलेल्यांत हे प्रमाण ४३ टक्के होते. खऱ्या थेरपीसारखा भासणारा, पण परिणामशून्य उपचार मिळालेल्यांपैकी ३५ टक्के मुलेही सुधारली. म्हणूनच मी पालकांना आग्रहाने सांगते, की ‘बरे वाटते’ एवढ्यावर समाधान मानू नका. आधीचे आणि नंतरचे मोजमाप लेखी मागून घ्या.

प्रतिसाद २ (आळशी डोळा असलेल्या मुलाचे वडील):
आळशी डोळ्याची, म्हणजे लहानपणी एका डोळ्याची नजर नीट विकसित न झाल्याची, बाब वेगळी आहे. तेथे आधी योग्य चष्मा आणि गरज पडल्यास चांगल्या डोळ्यावर पट्टी, हाच मुख्य उपचार आहे. मध्यम स्वरूपाच्या दोषात सात वर्षांखालील मुलांना रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी पडते, असे २००३ सालच्या अभ्यासात दिसले. ‘आता वय उलटले’ असे ऐकून निराश झालेल्यांसाठी आवर्जून लिहितो: ७ ते १२ वर्षांच्या मुलांपैकीही निम्म्याहून थोड्या अधिक मुलांनी उपचाराला प्रतिसाद दिल्याची नोंद २००५ साली झाली आहे.

प्रतिसाद ३ (नेत्रतज्ज्ञ):
गुण वाढण्याच्या आश्वासनाबद्दल सावध राहावे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, कन्व्हर्जन्स इन्सफिशिअन्सी असलेल्या ९ ते १४ वर्षांच्या ३११ मुलांवरील अभ्यासात, वाचलेल्या मजकुराचे आकलन खऱ्या थेरपीने लटक्या उपचारापेक्षा अधिक सुधारले नाही. डिस्लेक्सियाचे (वाचन शिकण्यातील अडचणीचे) मूळ प्रामुख्याने भाषेतील ध्वनी ओळखण्याच्या अडचणीत असते, आणि त्यावर डोळ्यांचे व्यायाम उपयोगी पडतात, असा पुरावा नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली संयुक्तपणे हीच भूमिका घेतली. आपली मुलगी उताऱ्याचा अर्थ समजण्यातही अडखळत असेल, तर त्याची तपासणी स्वतंत्रपणे करून घ्यावी. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे: अचानक दुहेरी दिसू लागले किंवा पापणी खाली आली, तर थेरपीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्नकर्त्या पालकांचे उत्तर:
मनःपूर्वक आभार. थेंब घालून होणारी तपासणी आणि सेंटिमीटरमधील मोजमाप आधी करून घेते. केंद्राला होकार त्यानंतरच कळवीन. शाळेतल्या बाईंनाही तिच्या वाचनाबद्दल विचारणार आहे.