गच्चीवरचा तापमापक आणि वेधशाळेचा आकडा

तुमच्या गच्चीवरचा तापमापक वेधशाळेच्या आकड्यापेक्षा चार-पाच अंश जास्त दाखवतो म्हणजे वेधशाळा आकडे दडवते, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. उन्हात टांगलेला तापमापक हवेचं नव्हे, स्वतःच्या तापलेल्या काचेचं तापमान सांगतो. झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, खाली फरशीऐवजी माती-गवत असेल असा ठेवून बघा. फरक बराच मिटेल.

बाकी रोजची नोंद ठेवताय हे झकासच! फक्त कमाल तापमान सकाळी वाचत असाल तर तो आकडा बहुधा आदल्या दुपारचा असतो, तेव्हा वहीत आदल्या दिवसाचीच तारीख घाला. पाऱ्याचा कमाल तापमापक असेल तर वाचून झाल्यावर झटकायचा, नाहीतर कालचाच आकडा धरून बसतो.