गोधडीचा वरचा पदर भडक झालाय, रंग उतरवायचा कसा? (मदत हवी आहे)

सुईदोरा: नमस्कार मंडळी. चौकोन जोडून गोधडीचा वरचा पदर तयार आहे, पण अंथरून पाहिला तर नुसती आपल्या सोलापूरची गड्ड्याची जत्रा. लाल, बाटली हिरवा, गडद निळा. मला जुन्या लुगड्यांच्या वाकळेसारखा विटका रंग हवाय. चहाच्या पाण्यात उकळून झालं, ढिम्म फरक नाही. रविवारी बारसं आहे. 'दुसरी शिवा' म्हणू नका.

वाकळ: कापड कुठलं? फोटो टाका.

सुईदोरा: साधंच कापड आहे हो. फोटो चढत नाहीये. उपाय सांगा ना.

हिरडा_बेहडा: नुसत्या चहानं काय होतंय! हिरड्याची पूड रात्रभर भिजवा, गाळून त्यात कापड बुडवा. छान पिवळट झाक येते. फक्त लोखंडी घमेलं नको, काळं पडेल.

पेठकर: बादलीत ब्लीच टाका, दहा मिनिटं. विषय संपला.

वाकळ: काका, बाळाच्या गोधडीला ब्लीच? सूत कुजतं, शिवणीसकट. रंगही सारखा उतरत नाही, एक चौकोन पांढराफटक आणि शेजारचा जसाच्या तसा. शिवाय नुसतं खळबळून ब्लीच थांबत नाही, हायपोच्या, म्हणजे ब्लीचचा जोर मारणाऱ्या क्षाराच्या, पाण्यातून काढावं लागतं.

पेठकर: आमचा कापडाचाच धंदा आहे. आम्हाला शिकवू नका.

बोअरचं_पाणी: पाणी जड असेल. आमच्याकडे साबणाला फेसच येत नाही.

चाटी_गल्ली: एवढा खटाटोप कशाला? सोलापुरात राहून बारशाला सोलापुरी चादर द्यायची सोडून गोधडी कसली? भौगोलिक मानांकन आहे आपल्या चादरीला. फक्त सोलापुरी म्हणून खपवलेला पानिपतचा माल गळ्यात मारून घेऊ नका.

सुईदोरा: चादर कुणी विचारलीय का इथे?? जाऊबाई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात आहेत, त्यांनी कातरणीचं पोतं दिलंय. गोधडीच करायची आहे.

वाकळ: अहो ताई, हे आधी सांगायचं! गणवेशाचं कापड म्हणजे बहुतेक टेरिकॉट, पॉलिस्टर मिसळलेलं सूत. कडेचा धागा ओढून काडीनं पेटवा. भुरभुरीत राख झाली तर सूत, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर.

सुईदोरा: मणी झाला. काळा. वासही घाणेरडा.

वाकळ: मग चहा-हिरडा विसरा. पॉलिस्टर रंगवायला कारखान्यात दाबाखाली 130 अंशांपर्यंत तापवतात, तो रंग तुमच्या पातेल्यात काय उतरणार! भडकपणा झाका. जुन्या सुती धोतराच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कडा दुमडून जोडांवरूनच शिवा, काही उसवायला नको. लाल चौकोन उठून दिसत असेल तर त्यावर अख्खा तुकडा लावा. मग बदामी दोऱ्यानं अगदी जवळजवळ धावदोरा. लांबून बघताना दोऱ्याचा रंग सगळ्यावर पसरतो. खालचा पदर मात्र सुतीच ठेवा, बाळाच्या अंगाला तोच लागू दे. पॉलिस्टरनं घाम येतो.

हिरडा_बेहडा: धोतर सुती आहे ना? मग ते हिरड्यात बुडवा!

सुईदोरा: वेळ नाहीये, पांढरंच लावते. धोतर आधी धुवायचं का?

वाकळ: नवं असेल तर गरम पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल आणि सगळीकडे चुण्या पडतील. जुनं असेल तर लगेच लागा.

पेठकर: ब्लीच टाकलं असतं तर एव्हाना वाळलीसुद्धा असती.

बोअरचं_पाणी: मुलगा की मुलगी?