पुण्याचा लोहगाव विमानतळ: रात्री 12 ते पहाटे 5 प्रवासी विमानं बंद ठेवावीत का?

टिंगरेनगरची_आजी
आमच्या घरात "विमान जाऊ दे" हे वाक्य दिवसातून वीसदा तरी होतं. बोलणं मध्येच थांबवायचं, आवाज सरला की पुढे न्यायचं. दिवसा त्याचं काही वाटत नाही. रात्री पावणेदोनला आधी खिडकीची काच थरथरते, मग मांडणीतली ताटं, आणि तोवर चार महिन्यांची नात रडत उठलेली असते. तिला मांडीवर घेऊन निजवते न निजवते तोच पुढचं विमान.

मागणी एवढीच आहे: रात्री 12 ते पहाटे 5 लोहगावला प्रवासी विमानं उतरू नयेत, उडू नयेत. तीच धावपट्टी वापरणाऱ्या हवाई दलाबद्दल माझं काहीही म्हणणं नाही, ते देशाचं काम आहे.

हे जमणार नाही असं कृपया म्हणू नका. धावपट्टीच्या कामासाठी 26 ऑक्टोबर 2020 पासून वर्षभर रात्री 8 ते सकाळी 8 प्रवासी विमानं बंदच होती. कोविडमुळे प्रवासी कमी होते, हे मान्य. पण त्या वर्षात सासूबाईंची झोपेची गोळी सुटली होती. रात्रीची विमानं परत आली तशी गोळीही परत आली.

आता नियमाचं. रहिवासी भागाला रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. 2018 मध्ये केंद्राने विमानतळांच्या परिसरासाठी वेगळी मर्यादा आणली. वर्षाला 50,000 पेक्षा जास्त विमानं ये-जा करत असतील तर दिवसा 70, रात्री 65. पुणे त्यात सहज बसतं. शिवाय हे 65 म्हणजे सरासरी. मुलाकडून हिशोब करून घेतला: 85 डेसिबलचा आवाज अर्धा मिनिट, असा रात्रीतून दहा वेळा झाला, तरी आठ तासांची सरासरी 65 च्या आसपासच येते. म्हणजे बाळ दहा वेळा दचकून उठलं तरी कागदावर सगळं जवळपास ठीकच.

फिरतीवरचा
काकू, त्रास खरा आहे, पण मागणीला माझा विरोध आहे. महिन्यातून चारदा दिल्लीला जातो. तिथलं काम उरकून रात्रीचं विमान धरलं की मध्यरात्रीनंतर पुण्यात उतरतो आणि सकाळी मुलीला शाळेत सोडतो. ते विमान गेलं तर माझी एक रात्र हॉटेलात आणि मुलीची माझ्याशिवाय. दिवसा विमानं वाढवा म्हणाल, तर हवाई दलाच्या सरावाच्या वेळात प्रवासी विमानांना जागाच मिळत नाही. धावपट्टी एकच आहे.

दुसरं, हा हवाई तळ 1939 पासून इथे आहे. टिंगरेनगर नंतर वसलं. खरा उपाय पुरंदरचा नियोजित नवा विमानतळ. तो लवकर होऊ द्या, सगळं सुटेल.

टिंगरेनगरची_आजी
तळ आधीचा, कबूल. पण आम्ही घर घेतलं तेव्हा रात्री दोनला विमानं नव्हती, ती नंतर वाढली. बिल्डरच्या पत्रकावर "विमानतळ दहा मिनिटांवर" छापलं होतं, आवाजाचा एक शब्द नव्हता. बांधकामाला परवानगी मिळाली होती, चोरून कुणी राहायला आलेलं नाही.

अ‍ॅप्रनवर_12_वर्षं
मी दुसऱ्या शहरात विमानतळावर जमिनीवरचं काम करतो. सरसकट बंदीच्या आधी करण्यासारखं बरंच आहे. उभ्या विमानात वीज आणि गारवा राहावा म्हणून शेपटीतलं छोटं इंजिन चालू ठेवतात, त्याला एपीयू म्हणतो. त्याची शिट्टी भिंतीला लागून असलेल्या सोसायट्यांना रात्रभर ऐकू येते. जमिनीवरून वीज आणि थंड हवा जोडली तर ते बंद ठेवता येतं. त्याला कुणाचं विमान रद्द करावं लागत नाही.

उतरल्यावर जो मोठा घरघराट होतो तो रिव्हर्स थ्रस्टचा, म्हणजे वेग कमी करायला इंजिनाचा जोर उलटा वळवतात त्याचा. रात्री तो कमीत कमी वापरायचा असा नियम बऱ्याच विमानतळांवर असतो. मात्र पुण्याची धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची. पावसात ती ओली असताना वैमानिकाला हा आग्रह कुणी करू नये, मीही करणार नाही.

आणि थंडीत आवाज जास्त येतो हा भास नाही. रात्री जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि लांबवर पोचतो.

माइनकाठी
फ्रँकफर्टजवळ राहते. इथे 2011 पासून रात्री 11 ते 5 विमानं बंद आहेत, 2012 मध्ये न्यायालयानेही ते कायम केलं. विमानतळ चालूच आहे, मोठाही आहे. पाच वाजले की पहिली विमानं सुरू होतात आणि आम्ही उठतो. पण आधीची झोप सलग मिळते. खिडक्यांना जाड दुहेरी काचा बसवायलाही मदत मिळते, त्याने फरक पडतो.

धानोरीचा_भाडेकरू
ताई, दुहेरी काचा फ्लॅटवाल्यांना. आमच्या खोलीवर पत्रा आहे. एप्रिलमध्ये दार-खिडकी उघडी टाकूनच झोपावं लागतं. काच जाड असो की पातळ, उघड्या खिडकीला काय उपयोग? आम्हाला वेळेची बंदीच हवी.

पारगावचा
वर "पुरंदर लवकर होऊ द्या" एवढ्या सहज लिहिलंय, म्हणून लिहितो. 2016 पासून पुरंदरमधल्या आमच्या सात गावांवर, जमीन या विमानतळात जाणार, हे टांगलेलं आहे. कुणी विहीर खोल करत नाही, कुणी नवी बाग लावायला धजत नाही. माझ्या वडिलांनी लावलेली अंजिराची झाडं आहेत, मीठा बहार (उन्हाळ्यातलं पीक) अजून धरतो, पुढच्या वर्षी धरेन की नाही माहीत नाही. तुमची झोप मोडते त्याचं वाईट वाटतं, मनापासून. पण तो आवाज उचलून आमच्या डोक्यावर आणि खाली आमचीच जमीन, याला उपाय म्हणू नका.

टिंगरेनगरची_आजी
दादा, म्हणूनच मी पुरंदरचं नाव घेतलं नव्हतं. मला विमानतळ हलवायचा नाही, पाच तास हवेत.

फिरतीवरचा
पारगावच्या दादांचं वाचून ते वाक्य मागे घेतो. घाईत लिहिलं. काकू, 12 ला मात्र विरोध कायम. दीड ते पाच म्हणाल तर माझं विमान बसतं, मी सही करेन.

धानोरीचा_भाडेकरू
दीड नको, एक. साडेपाचला मला कंपनीची बस असते.