अनुभव धागा: वाईट दिवसांत कुठली कविता सोबतीला होती?

आई गेली तेव्हा तेराव्यापर्यंत माझ्या फोनवर कुसुमाग्रजांची 'कणा' ही कविता अकरा वेळा आली. आकडा खरा आहे. झोप लागत नव्हती, म्हणून मोजत बसले होते.

मी मराठीची शिक्षिका, आता निवृत्त. ही कविता किती बॅचेसना शिकवली याची गणती नाही. 'कवितेतून कवीला काय सांगायचे आहे?' या प्रश्नाला मुलांनी 'संकटातही जिद्द सोडू नये' असं लिहिलं की मी पूर्ण गुण द्यायचे. त्या अकरापैकी कुठल्याशा रात्री ती पुन्हा वाचली आणि दिसलं, की कवितेतल्या त्या माजी विद्यार्थ्याकडे जिद्द आधीपासूनच आहे. घर वाहून गेलंय, तरी बायकोला सोबत घेऊन तो भिंत बांधतोय. सरांकडे तो आलाय तो एकटं वाटलं म्हणून. पैसे नकोत, पाठीवर हात हवा आणि 'लढ' हा शब्द. आम्ही सगळे 'लढ' तेवढं पुढे पाठवतो आणि हात आपल्याच खिशात ठेवतो. मी तर इतकी वर्षं पेपरात त्या हाताचे गुणच ठेवले नाहीत.

म्हणून हा धागा. कविता वाचून किंवा लिहून मनाला आराम पडला असेल, किंवा पडला नसेल, तर लिहा. कुठली ओळ, कुठला दिवस, नेमकं काय झालं. 'कविता हेच औषध' असलं कृपया नको. औषध हे औषध असतं.

जळगावहून

२०२१च्या एप्रिलमध्ये मिस्टर गेले. कोविड. मी अडतीस वर्षांची, दोन मुलं. त्यांना शेवटचं पाहिलं ते प्लास्टिकमधून, म्हणजे पाहिलं असं म्हणायचं.

बहिणाबाई आमच्या इथल्याच, आसोदं जवळच आहे. शाळेत 'अरे संसार संसार' पाठ होती आणि तेवढ्यावर आमची ओळख संपली होती. पण त्यांनाही तिशीच्या आसपासच वैधव्य आलं आणि पदरात मुलं होती, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दिवस झाल्यावर एका दुपारी लेकीचं पुस्तक चाळताना ओळी समोर आल्या:

लपे करमाची रेखा
माझ्या कुंकवाच्या खाली
पुसोनियां गेलं कुंकू
रेखा उघडी पडली

मी टिकली लावायचे, कुंकू नाही. पण आरशात कपाळाच्या मधोमध एक फिकट गोल दिसायचा, वर्षानुवर्षं टिकलीखाली ऊन न लागलेला. तो गोल मला रोज दिसत होता आणि त्याला शब्द नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं रडले. आधीचं सगळं रडणं बाथरूममध्ये, नळ सोडून.

त्याच कवितेत पुढे त्या ज्योतिषाला दारातूनच परत पाठवतात: माझं दैव मला कळतं, माझा हात नको पाहू. महिन्याभरानं मामेसासरे म्हणाले, "सूनबाई, पत्रिका दाखवून घेऊ, एखादी शांत करू." माझ्या तोंडून आपोआप निघालं, "माझं दैव माले कये, मामा." ते गप्प झाले. नंतर हळूच म्हणाले, "माझी माय म्हणायची हे." शांत झाली नाही. मामा मात्र तेव्हापासून दर सोमवारी मुलांना घेऊन जातात, मला तेवढीच दोन तास झोप मिळते.

पुण्याहून, आयटीवाला

कविता लिहून मी आणखी खड्ड्यात गेलो, हेही नोंदवून ठेवा.

डिप्रेशनचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. रात्री दोन-अडीचला उठून लिहायचो. काळोख, गर्ता, पोकळी, राख. भिकार होत्या, पण लिहिताना भारी वाटायचं आणि सकाळी अंथरुणातून उठवायचं नाही. समुपदेशक बाईंना वही दाखवली. त्यांनी कौतुक केलं नाही (राग आला होता). म्हणाल्या, रात्री वही बंद. दिवसा लिहायचं, पंधरा मिनिटांचा गजर लावून, आणि गजर वाजला की ओळ अर्धी असली तरी उठायचं. नंतर शोधाशोध केली तेव्हा कळलं, की अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली असाच प्रयोग छापला होता. विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातल्या सर्वांत जड गोष्टीबद्दल लिहायचं. त्यांनाही लिहून उठल्या उठल्या बरं नाही, वाईटच वाटायचं. फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत. हे वाचून हायसं वाटलं.

बाईंची दुसरी अट मोठी होती: 'काळोख' हा शब्द वापरायचा नाही. मग लिहायचं काय? पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत एवढंच झालं:

दूध गॅसवर ठेवलं.
वर आलेलं दिसलं.
हात कुठे आहे ते आठवेपर्यंत
ओटा पांढरा झाला होता.

याला कविता म्हणा नाहीतर म्हणू नका. पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना वाचून दाखवली, तर ते पेन खाली ठेवून म्हणाले, "हे असं रोज होतं? मला तुम्ही 'थोडं सुस्त वाटतं' एवढंच सांगत होतात." त्या दिवशी गोळी बदलली.

नाव, गाव नको

मला काही उपयोग झाला नाही. सहा महिने मला वाचताच येत नव्हतं. ओळ सुरू करायची, शेवटापर्यंत जाताना सुरुवात पुसलेली असायची. लोक पुस्तकं आणून द्यायचे, उशाशी थप्पी झाली होती, ती बघून आणखी अपराधी वाटायचं. गोळ्यांनी फरक पडला. आता वाचते. कुणाला पुस्तक देणार असाल तर पातळ द्या.

वाईहून

वडील ब्याऐंशीचे. स्मृतिभ्रंश होऊन चार वर्षं झाली. मला ते 'अहो' म्हणतात, मी कुणीतरी पाहुणा आहे अशा समजुतीनं.

आंघोळ हा रोजचा तमाशा होता. पाणी अंगावर पडलं की ओरडायचे, मारायचे. मीही ओरडायचो. एकदा त्यांचा हात इतका जोरात दाबला की वळ उठला. हे कुठे बोललो नव्हतो, इथे लिहितोय.

एका सकाळी वैतागून मी नुसताच पुटपुटलो, "मना सज्जना..." आणि त्यांनी ओळ उचलली, "भक्तिपंथेचि जावे." पुढची, त्यापुढची. मुलाचं नाव गेलेलं, पण मनाचे श्लोक जागेवर! लहानपणी संध्याकाळी हात-पाय धुऊन म्हणायला लावलेले. दोनशे पाचच्या दोनशे पाच येत असतील असं नाही, क्रमही इकडचा तिकडे होतो, पण भुजंगप्रयात वृत्ताची चाल चुकत नाही. आता एका ओळीला एक तांब्या असा हिशेब आहे. चार ओळी, चार तांबे, श्लोक संपला की साबण.

मी देव मानत नाही. समर्थ, भक्तिपंथ, यातलं काही मला पटून मी म्हणत नाही. पण बारा-बारा अक्षरांच्या चालीत ओरडता येत नाही, हे माझ्या लक्षात आलं. श्वासच तसा लागतो. बाबांचं जे व्हायचं ते होतंय. माझा हात मात्र त्यानंतर उठला नाही.

मध्येच एक प्रश्न, ठाण्याहून

मैत्रीण फार वाईट अवस्थेत आहे. "आता बास" असं दोनदा म्हणाली. तिला पाठवण्यासारखी एखादी कविता सुचवाल का?

धागाकर्ती

नका पाठवू. आत्ता फोन करा, जमलं तर तिच्या घरी जा. "जिवाचं काही करून घ्यायचं मनात येतं का?" असं सरळ विचारा, विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तो तिच्याशेजारी बसून लावा. कवितेचं पुढे बघू. काय झालं ते इथे कळवा, मी जागी आहे.

डब्लिनहून, परिचारिका

आमचं गाव मुळशी खोऱ्यातलं. आज्जी नव्वदीला टेकलीय, मी इकडे रात्रपाळ्या करते. पहिल्या हिवाळ्यात साडेचारला अंधार पडायचा आणि मी ड्युटीवरून येऊन पडद्यामागे रडायचे. तेव्हा नेटवर 'परी'च्या, म्हणजे ग्रामीण भारताचं जगणं नोंदवून ठेवणाऱ्या संग्रहाच्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्या सापडल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव हिंडून बायकांकडून गोळा केलेल्या, एक लाखाच्या वर. मुळशीतल्या बायकांचे आवाज थेट कानात. एक बाई 'बाई' म्हणताना स्वर असा ओढत होती, की आमच्या मागच्या पडवीचा वास आला.

त्यातून लक्षात आलं, की या सगळ्या ओव्या पहाटेच्या. पुरुष झोपलेले, सासू झोपलेली, आणि जात्याची घरघर एवढी की जे गाल ते जातं तेवढं ऐकणार. सासुरवास, मेलेलं मूल, न येणारा भाऊ, सगळं त्या घरघरीच्या आडून सांगून टाकायचं आणि उजाडलं की पीठ भरून चुलीकडे वळायचं. आमच्या वॉर्डात समुपदेशनाची खोली आहे, तिथेही बाहेर आवाज जाऊ नये म्हणून दाराशी एक यंत्र सतत घुंऽऽ करत असतं. मला हसूच आलं.

आज्जीला व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "आज्जे, तुझी एखादी ओवी म्हण ना."

"न्हाई येत आता."

"अगं, येतात तुला. तू म्हणायचीस, मी ऐकल्यात."

"जातं फिरल्याबिगर कशी यील? ती काय नुसती बोलायची असती व्हय?"

जातं केव्हाच परसात उलटं पडलंय, त्यावर कपडे आपटतात. काकीनं फोन धरला होता. आज्जी बराच वेळ गप्प बसली. मग तिचा उजवा हात गोधडीवर आपोआप गोल फिरायला लागला, खुंटा धरल्यासारखी मूठ करून. चार-पाच फेरे झाले आणि आवाज आला. माझा एक काका लहानपणीच गेला, हे मला तेव्हा कळलं. काकीलाही माहीत नव्हतं.

जात्या ईसवरा, तुला सांगते माझं मन
भरल्या घरामंदी ऐकाया न्हाई कोन
दळण दळीते, पिठाची झाली रास
लेकाच्या सयेनं गिळंना मला घास

मग हात थांबला. म्हणाली, "ठेव आता. तुझी ड्युटी आसंल."