विषय: ५ मेची सहल: बुकछोन सकाळी ९ ला कसं जमणार?

प्रेषक: शर्वरी (सोल)
शनिवार, रात्री १०.४०

मंदार,
आपल्या मराठी मंडळाच्या सोल सहलीचं वेळापत्रक पाहिलं. पहिल्याच ओळीत "सकाळी ९: बुकछोन" आहे, ते आधी बदल. बुकछोन म्हणजे जुन्या कोरियन घरांची राहती वस्ती. तिथल्या बुकछोन-रो ११-गिल या गल्लीचा तो चढ, जिथे सगळे फोटो काढतात, तिथे बाहेरच्यांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढ्याच वेळात जाता येतं. मार्च २०२५ पासून दंड सुरू झालाय, १ लाख वॉन. बससुद्धा आत नेता येणार नाही, मोठ्या टूर बसना तिथल्या रस्त्यांवर मनाई आहे. गाइडला पैसे पाठवण्याआधी हे बोलून घे.
शर्वरी

---

प्रेषक: मंदार (सुवॉन)
शनिवार, रात्री ११.१५

शर्वरी, नऊची वेळ गाइडनेच सुचवली होती, गर्दीच्या आधी उरकावं म्हणून. ५ मे इथला बालदिन, सगळ्यांना सुट्टी. दहानंतर त्या गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसेल. आपण ३८ जण, त्यात ११ ज्येष्ठ आणि ९ मुलं. मागच्या सहलीला आपण आठ वाजताच गेलो होतो आणि कोणी अडवलं नव्हतं. दंड खरोखर लावतात का, की नुसती पाटी आहे? कोणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर सांगा. बाकी वेळा या एका वेळेवर अवलंबून आहेत.

---

प्रेषक: शिरीष (सुवॉन)
शनिवार, रात्री ११.३२

५ मे मंगळवार आहे. ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद असतो. बुकछोनचं नंतर बघू, मुख्य राजवाडाच बंद असेल तर सहल कसली?

---

प्रेषक: अनघा (पांग्यो)
रविवार, सकाळी ७.०५

शिरीष, साप्ताहिक सुट्टी मंगळवारची हे बरोबर. पण मंगळवारी सार्वजनिक सुट्टी आली तर राजवाडा उघडा ठेवतात आणि पुढच्या दिवशी बंद ठेवतात. म्हणजे ५ ला उघडा, ६ ला बंद. दुसरा राजवाडा, छांगदॉकगुंग, सोमवारी बंद असतो, त्याचा आपल्याला प्रश्न नाही.

दुसरं. हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, घालून आलं की ग्योंगबोकगुंगचं ३,००० वॉनचं तिकीट माफ असतं, त्यामुळे बऱ्याच जणी हानबोक भाड्याने घ्यायचं म्हणताहेत. माझी मनापासून विनंती आहे की निदान आपण सात-आठ जणींनी नऊवारी नेसावी. ३,००० वॉन काही फार नाहीत. मे महिना महाराष्ट्र दिनाने सुरू होतो, चार दिवसांनी राजवाड्याच्या मुख्य दरवाजासमोर, ग्वांगह्वामुनसमोर, नऊवारीतला एक फोटो हवाच. ज्यांना नेसता येत नाही त्यांना मी आदल्या दिवशी शिकवीन. नथी माझ्याकडे आहेत.

---

प्रेषक: शिरीष (सुवॉन)
रविवार, सकाळी ८.२०

अनघाताई, खुलाशाबद्दल आभार.

तरीही माझं म्हणणं मांडतो. सुवॉन, दोंगतान, योंगइन मिळून आपली निम्म्याहून जास्त माणसं इकडची. ह्वासॉंग किल्ला आपल्या दारात आहे. राजा जॉंगजोने १७९४ ते १७९६ या दोन-अडीच वर्षांत उभा केला, तटबंदी साडेपाच किलोमीटरच्या वर, १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत. वडिलांची समाधी जवळ असावी म्हणून त्याने इथे नवं शहर वसवलं. बांधकामाची नोंदवही इतकी तपशीलवार ठेवली होती की कोरियन युद्धात पडलेला भाग त्यावरून जसाच्या तसा पुन्हा बांधता आला. आपण गडकोटांवर वाढलेली माणसं. बुरूज, जंग्या, पाण्याचा दरवाजा, हे बघताना आपल्या आईबाबांना जे वाटेल ते दुकानांच्या गल्लीत वाटणार नाही. बस नको, दंड नको. दरवर्षी सोललाच का जायचं?

---

प्रेषक: मंदार (सुवॉन)
रविवार, सकाळी ८.४५

शिरीष, ह्वासॉंगची सहल दिवाळीनंतर ठरली आहे, बैठकीच्या टिपणात आहे. ५ मे सोलसाठीच. आत्ता फक्त बुकछोनच्या वेळेवर लिहा, ही विनंती.

---

प्रेषक: प्रसाद (सोल)
रविवार, सकाळी १०.१०

मंडळी,
वेळेआधी एक मुद्दा. या वेळी पैसे देऊन गाइड का? मंडळाच्या सोलमधल्या सहलींना माहिती सांगण्याचं काम आजवर मी आवडीने करत आलो आहे, आणि मराठीत करत आलो आहे. ज्येष्ठांपैकी निम्म्यांना गाइडचं भरभर इंग्रजी झेपत नाही. गाइड दहा मिनिटांत सनावळ्या म्हणून मोकळा होतो.

ग्योंगबोकगुंगला निदान दोन तास द्या. १३९५ मध्ये बांधलेला, १५९२ च्या जपानी स्वारीत जळाला आणि पुढची पावणेतीनशे वर्षं तसाच पडून राहिला. १८६५ नंतर बालराजाच्या बापाने, म्हणजे दएवॉनगुनने, तो पुन्हा उभारला. मग जपानी राजवट आली. त्यांनी पुष्कळ इमारती पाडल्या आणि सिंहासनाच्या दालनासमोरच आपल्या सरकारचं अवाढव्य दगडी कार्यालय बांधलं, म्हणजे शहराकडून पाहिलं तर राजवाडा दिसूच नये. स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षांनी, १९९५ मध्ये, कोरियाने ते पाडायला घेतलं. ग्वांगह्वामुनच्या पुढ्यातला ओटा तर २०२३ मध्ये लोकांसाठी खुला झाला. आज समोर दिसणारं बरंचसं नव्याने बांधलेलं आहे. ते "नकली" म्हणून सोडून द्यायचं की एखाद्या समाजाने हट्टाने परत मिळवलेलं म्हणून बघायचं, हे ठरवायला तिथे थांबावं लागतं.

सिंहासनाच्या दालनासमोरच्या चौकात खाली बघा. फरशी मुद्दाम खडबडीत आहे, आणि दगडात लोखंडी कड्या बसवल्या आहेत. मांडव घालायचा झाला की दोर त्या कड्यांना बांधायचे. दोन्ही बाजूंना अधिकाऱ्यांच्या दर्जाचे दगड रांगेत उभे आहेत, कोणी कुठे उभं राहायचं ते ठरवणारे. मुलांना प्रत्येक दगडाशी उभं केलं की दरबार कसा भरत असेल ते आपोआप कळतं. हे गाइडच्या यादीत नसतं.

---

प्रेषक: शर्वरी (सोल)
रविवार, सकाळी ११.३०

> दंड खरोखर लावतात का, की नुसती पाटी आहे?

मंदार, दंडाचं बाजूला ठेवू. माझ्या सासूबाईंचं घर त्याच टेकडीवर आहे. नवऱ्याचं सगळं लहानपण तिथे गेलं. ते जुन्या पद्धतीचं कोरियन हनोक म्हणजे संग्रहालय नाही, घर आहे. मधे छोटं अंगण, चारी बाजूंना खोल्या, आणि भिंतीपलीकडे लगेच रस्ता. गल्लीत कोणी साध्या आवाजात बोललं तरी आत शब्द न् शब्द ऐकू येतो. बॅगांची चाकं त्या चढावर घासत जातात तो आवाज तर पहाटेपासून. दाराच्या फटीतून फोन आत घालून फोटो काढणारे मी स्वतः पाहिलेत. सासूबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी दोरीवरचे कपडे काढून आत नेले. उन्हाळ्यात त्या रस्त्याकडची खिडकी उघडत नाहीत. शेजारचं एक कुटुंब घर विकून गेलं, आता तिथे कॉफीचं दुकान आहे.

शांतता पाळा असं सांगणाऱ्या पाट्या घेऊन तिथे माणसं उभी असतात. सासूबाईंसारख्या लोकांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या, तेव्हा कुठे हा नियम आला. ज्या सोसायटीत आपण राहतो तिथे सकाळी नऊला ३८ अनोळखी माणसं जिन्यात येऊन फोटो काढायला लागली तर आपण काय करू?

आणि मागच्या वेळी कोणी अडवलं नाही, कारण तेव्हा हा नियमच नव्हता.

माझी सूचना: सकाळी ग्योंगबोकगुंग, अकराच्या पुढे बुकछोन, तेही दहा-दहाच्या गटात, गटागटात पंधरा मिनिटांचं अंतर ठेवून. ध्वनिवर्धक नको. माहिती सगळी खाली आनगुक स्टेशनपाशी सांगायची, वर फक्त चालायचं.

---

प्रेषक: अनघा (पांग्यो)
रविवार, दुपारी १२.०२

शर्वरीशी पूर्ण सहमत. नऊवारीचा फोटोही मग राजवाड्यापाशीच, बुकछोनला नको.

---

प्रेषक: केतकी (इन्छॉन)
रविवार, दुपारी १२.४०

माझ्या आईचे गुडघे. तो चढ किती आहे? ती खाली थांबली तर सोबतीला कोण? आणि जेवणाचं कोणीच लिहिलेलं नाही. ग्वांगजांग बाजारात शाकाहारी लोकांनी काय खायचं? वाटल्या मुगाच्या धिरड्यांसारखं ते बिंदेत्तॉक बघून आई खूश होईल, पण त्यात बऱ्याच ठिकाणी डुकराचं मांस घालतात, चरबीतही तळतात. किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा अर्क असतो. हे आधी सांगितलं नाही तर ज्येष्ठ मंडळींना फार वाईट वाटेल. मी कोरियनमध्ये एक चिठ्ठी लिहून देते, मांस-मासे-अंडं-माशाचा अर्क नको अशी. प्रत्येक गटाकडे एक ठेवा. दुपारचं जेवण बाजारात नको, इन्साडोंगला बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण मिळतं तिथे घेऊ. त्यात मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नसतो. महाग आहे, पण वर्षातून एकदा.

---

प्रेषक: प्रसाद (सोल)
रविवार, दुपारी १.१५

केतकी, इन्साडोंग उत्तम. तिथून जोग्येसा मठ पाच मिनिटांवर आहे. आपली बुद्धपौर्णिमा १ मेला आहे, इथला बुद्धजयंतीचा दिवस चौथ्या चांद्रमासाची अष्टमी, म्हणजे या वर्षी २४ मे. त्यामुळे ५ तारखेला अंगणभर रंगीत कंदील लागलेले असतील. आईंना तिथे बसवता येईल, सावली आहे.

इन्साडोंगच्या टोकाला टापगोल बागही आहे. १ मार्च १९१९ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा तिथे वाचला गेला. सह्या करणारे पुढारी जवळच्याच एका खानावळीत जमले होते, बागेत वाट बघणाऱ्या विद्यार्थ्यांनी शेवटी आपणच तो वाचला आणि लोक रस्त्यावर उतरले. १९१९ म्हटलं की आपल्याला जालियनवाला बाग आठवते, आणि त्या दोन घटनांत जेमतेम सहा आठवड्यांचं अंतर आहे. आपल्या वडीलधाऱ्यांना हे सांगितलंच पाहिजे. दहा मिनिटं द्या, जास्त मागत नाही.

---

प्रेषक: मंदार (सुवॉन), बाबांच्या वतीने
रविवार, संध्याकाळी ६.५०

सर्वांना नमस्कार. मी मंदारचा वडील, सध्या दोन महिन्यांसाठी इकडे आलो आहे. आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त झालो. तुमचा पत्रव्यवहार मुलाने वाचून दाखवला. राजवाडे जरूर बघू, पण योंगसानचं युद्धस्मारक यादीत नाही याचं वाईट वाटलं.

कोरियन युद्धात, नोव्हेंबर १९५० मध्ये, आपली ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स ही लष्करी वैद्यकीय तुकडी इथे आली. लेफ्टनंट कर्नल रंगराज तिचे प्रमुख. मार्च १९५१ मध्ये मुनसानला अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर आपले डॉक्टर आणि जवान विमानातून छत्रीने उतरले आणि तिथेच त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. रंगराजांना महावीर चक्र मिळालं. पुढे १९५३ मध्ये युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवायला जनरल थिमय्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग आला, आपली फौज आली. नोकरीच्या सुरुवातीला आमच्या वरिष्ठांकडून या तुकडीच्या गोष्टी ऐकल्या आहेत. इथे राहणाऱ्या मराठी मुलांना त्या माहीत असाव्यात. ५ तारखेला जमत नसेल तर दुसऱ्या दिवशी चालेल, पण मला तिथे जायचं आहे.

---

प्रेषक: शिरीष (सुवॉन)
रविवार, संध्याकाळी ७.१०

काका, नमस्कार. युद्धस्मारक सोमवारी बंद असतं, शनिवारी उघडं. येत्या शनिवारी मी माझ्या गाडीने तुम्हाला घेऊन जातो. माझी दोन्ही मुलंही येतील, त्यांना तुम्ही सांगा. आणखी कोणाला यायचं असेल तर गाडीत दोन जागा आहेत.

---

प्रेषक: मंदार (सुवॉन)
रविवार, रात्री ९.३०

सर्वांना,
गाइडशी बोललो. बदललेलं वेळापत्रक असं.

बस ८.५० ला ग्योंगबोकगुंगच्या वाहनतळात. नऊला दार उघडलं की आत, १० चा पहारेकऱ्यांचा बदल बघून नऊवारीचा फोटो. माहिती प्रसाद मराठीत सांगेल. गाइडला बुकछोनच्या गटांसाठी ठेवतो, कारण तिथे रस्ता आणि नियम माहीत असलेलं माणूस पुढे हवं. साडेअकराला आनगुकपासून चार गट, शर्वरीने सांगितलं तसेच, आवाज न करता. ज्यांना चढ नको ते केतकीच्या आईंबरोबर थेट जोग्येसाला. एकला इन्साडोंगमध्ये जेवण, मग टापगोल, आणि चॉंगग्येछॉनच्या काठाने ग्वांगजांगपर्यंत. २००३ पर्यंत त्या ओढ्यावर उड्डाणरस्ता होता हे मुलांना दाखवायला जुना फोटो कोणी छापून आणेल का? काठाला उतरायला पायऱ्या आहेत, त्यामुळे दमलेल्यांसाठी बस बाजारापाशी थांबेल. साडेपाचला परत.

छांगदॉकगुंगची मागची बाग या वेळी घेत नाही. वेगळी तिकिटं लागतात, ती सहा दिवस आधी सुटतात आणि सुट्टीच्या दिवशी ३८ मिळणं कठीण.

---

प्रेषक: शर्वरी (सोल)
रविवार, रात्री ९.४८

आभार, मंदार. पहिल्या गटाबरोबर मी चालते. गटांची नावं गुरुवारपर्यंत पाठव, लहान मुलं चारही गटांत वाटून टाक. बाबागाड्या वर नेऊ नका, दगडावर फार आवाज होतो. आनगुकला कोणीतरी त्या सांभाळत थांबावं लागेल, कोण थांबेल?

---

प्रेषक: अनघा (पांग्यो)
रविवार, रात्री ९.५५

मी थांबते. नऊवारी नेसायला शिकायचं असेल त्यांनी सोमवारी, ४ मेला, चारपर्यंत माझ्याकडे या, लुगडी घेऊन.