नेटहॅक: चार महिने झाले, पुढे खेळू की सोडू?

घाटमाथा:
नमस्कार मंडळी. इथे जुन्या पद्धतीचे रोगलाइक खेळणारे कोणी आहेत का, म्हणजे अक्षरांचा नकाशा, एकेक टर्न, आणि मेलो की पहिल्यापासून सुरुवात, तसले? मी चार महिने रोज रात्री जेवण झाल्यावर नेटहॅक खेळतोय. व्हॅल्किरी हे लढवय्या बाईचं पात्र घेऊन, कारण सगळे नवीन माणसाला तेच सांगतात. चाळीसेक वेळा तरी मेलो असेन आणि त्यातली बहुतेक मरणं मला मान्य आहेत. फ्लोटिंग आय नावाचा राक्षस, नकाशावरचा तो निळा ई, त्याला तलवार मारली आणि जागच्या जागी गोठलो, मग कोणीही येऊन मारलं. ठीक आहे, एकदा कळलं, परत त्याच्या वाटेला गेलो नाही.

पण परवाचं डोक्यातून जात नाहीये. आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला रन होता. लेव्हल ५ झाल्यावर कारंज्यात लाँग सोर्ड बुडवून एक्सकॅलिबर ही जादूची तलवार मिळवली, सोकोबानचे, म्हणजे दगड ढकलायच्या कोड्यांचे, चारही मजले सोडवले, त्या दगडांनी तीन रात्री खाल्ल्या, आणि शेवटी बॅग ऑफ होल्डिंग, ती खूप सामान मावणारी जादूची पिशवी, मिळाली. हुरूप आला होता, सगळी स्क्रोल, पोशन, जे काही जमवलं होतं ते आत भरलं. मग खाली एक अनोळखी वाँड, म्हणजे जादूची कांडी, सापडला, तोही बॅगेत टाकला आणि स्फोट झाला. बॅग गेली, आतलं सगळं गेलं, अंगावर मार बसला तो वेगळाच. दोन मजले खाली गेलो तर सोल्जर अँट्सनी संपवलं, पळायला काही शिल्लकच नव्हतं. नंतर शोधल्यावर कळलं की तो वाँड कॅन्सलेशनचा होता आणि तो त्या बॅगेत टाकला की असंच होतं.

मला मनापासून विचारायचंय, हे मला खेळता खेळता कसं कळणार होतं? विकी न वाचता हा गेम जिंकता येतो का? आणि येत नसेल तर ही त्याची ताकद म्हणायची की खोट?

टर्मिनलवाला:
वाईट वाटलं रे वाचून. बॅग मिळाल्यावरचा तो आनंद आणि मग हे, मी त्यातून गेलोय.

आधी कामाचं सांगतो. अनोळखी वाँड मिळाला की आधी बोटाने जमिनीवर धुळीत काहीतरी लिही, एक अक्षर पुरे. मग त्याच जागेवर त्या वाँडने लिही. विजेचा असेल, आगीचा असेल, खोदायचा असेल तर गेम लगेच ओळखून देतो. आणि आधीचं लिखाण गायब झालं तर तो टेलिपोर्टेशन, कॅन्सलेशन किंवा मेक इनव्हिजिबल, या तिघांपैकीच एक. असला वाँड बॅगेबाहेरच ठेवायचा, खात्री होईपर्यंत. आधी काही लिहिलेलं नसेल तर काही दिसणारच नाही, बरेच जण इथेच चुकतात.

आता तुझा मुख्य प्रश्न. कॅन्सलेशन म्हणजे वस्तूतली जादू पुसणं, बॅग उभी आहे जादूवर, दोन्ही एकत्र आले की स्फोट. म्हणजे त्यात तर्क आहे, फक्त तो कोणी तुला आधी सांगत नाही. आणि मला या गेममध्ये सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, की प्रत्येक गोष्ट दुसऱ्या प्रत्येक गोष्टीशी काहीतरी करते. कॉकाट्रिस नावाच्या राक्षसिणीला उघड्या हाताने शिवलास तर दगड होतोस, पण हातमोजे घालून तिचंच मढं हातात धरलंस तर बहुतेक सगळ्यांना एका फटक्यात दगड करता येतं, आणि ते धरून चालताना खड्ड्यात पडलास तर तूच दगड. पाळलेलं मांजर शापित वस्तूवर पाय ठेवायला कचरतं, त्यावरून काय उचलायचं नाही ते कळतं. दुकानदार किती भाव देतो त्यावरून वस्तू ओळखता येते. वीस वर्षं झाली खेळतोय, इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये सुरुवात केली होती, अजूनही मधेच काहीतरी असं होतं की मी खुर्चीतून उठून उभा राहतो.

आणि विकीबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस. १९८७ साली हा गेम आला तेव्हा तो बनवणारे लोक वेगवेगळ्या ठिकाणी बसून यूजनेटवरून, म्हणजे तेव्हाच्या इंटरनेटवरच्या चर्चागटांतून, काम करत होते, नावातलं नेट तिथूनच आलंय. खेळणारेही तिथेच एकमेकांना विचारायचे. एकट्याने कोंडून घेऊन शिकायचा हा गेम मला तरी कधी वाटला नाही. गेमच्या आतही ओरॅकल नावाची भविष्य सांगणारी आहे, पैसे दिले की सांगते, फॉर्च्यून कुकीतून चिठ्ठ्या निघतात, त्यातल्या काही खऱ्या काही खोट्या. म्हणजे ऐकीव माहितीवर चालणं हेच त्यात मुरलेलं आहे.

काळाकातळ:
मी वरच्यांशी सहमत नाही, आणि नेटहॅक मीही पाच वर्षं खेळलोय. तर्क आहे हे मान्य, पण तो तर्क स्फोट झाल्यावर सुचतो. फ्लोटिंग आयने मरणं वेगळं, ते पहिल्या तासात होतं, काही गमावलेलं नसतं. पण बारा-पंधरा तासांची मेहनत अशा एका गोष्टीने जावी जिचा इशारा गेमने कुठेच दिला नाही, याला मी खोटच म्हणेन. कायमचं मरण मला पाहिजेच, त्याच्याशिवाय प्रत्येक पावलाला किंमत राहत नाही, पण मरताना मला माझी चूक दिसली पाहिजे. समोर ओग्र दिसत होता, पळायला जिना होता, मी हावरटपणा केला, मेलो. असं मरण मला पुन्हा खेळायला बसवतं.

म्हणून मी डंजन क्रॉल स्टोन सूपकडे गेलो. मूळचा क्रॉल १९९७ चा, २००६ पासून स्टोन सूप नावाने लोकांनी पुढे चालवलाय. त्यात राक्षसावर कर्सर नेलास की तो काय करतो, किती जोरात मारतो, तुझा वार लागण्याची शक्यता किती, सगळं लिहिलेलं असतं. रिकाम्या खोल्या फिरायला एक बटण, ओ दाबलं की आपोआप फिरतो आणि कोणी दिसलं की थांबतो. नेटहॅकमध्ये अर्धा वेळ कॉरिडॉरमध्ये भिंती चाचपण्यात जातो, एस एस एस दाबत, दार कुठे लपलंय म्हणून, मला ते आता सहन होत नाही.

सगळं गोड नाहीये तिकडेही. कंटाळवाणं वाटेल ते काढून टाकायचं हे त्यांचं धोरण, भुकेची भानगड काढली ते उत्तम केलं, पण माझी आवडती डीप ड्वार्फ जातही काढली आणि त्याचं मला अजून दुःख आहे. आणि सुरुवातीच्याच मजल्यांवर सिगमंड कोयता घेऊन भेटला की सगळी माहिती समोर असूनही माणूस मरतोच. पण घाटमाथा, तुला जे डाचतंय ते तिथे डाचणार नाही एवढं नक्की.

मध्यरात्र:
माझं थोडं वेगळं आहे म्हणून लिहिते. मला फार कमी दिसतं, स्क्रीन रीडरवर काम करते. बाकीचे गेम माझ्यासाठी जवळपास बंदच आहेत, चित्रं, वेळेचं बंधन, कुठून काय आलं ते कळायच्या आत संपतं. नेटहॅक थांबतो. मी विचार करायला अर्धा तास घेतला तरी तो मुंगीला हलवत नाही. आणि सगळं अक्षर आहे, त्यामुळे वाचून दाखवता येतं. त्याच्या गाइडबुकमध्ये अंध खेळाडूंनी सेटिंग कसं करायचं याचा वेगळा भागच आहे, तो वाचला तेव्हा मला खूप बरं वाटलं होतं, कोणीतरी आपला विचार करून लिहिलंय म्हणून.

अर्थात नकाशा एकेक ओळ वाचून डोक्यात जुळवणं हे फार थकवणारं आहे, मोठ्या खोलीत पाच-सहा जण आले की मी हरवते. नेटहॅकच्या ३.६ आवृत्तीत सेमीकोलन दाबून मग एम दाबलं की कर्सर एका राक्षसावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि ऑटोडिस्क्राइब चालू असेल तर तो कोण आहे ते सांगतो, त्याने माझं खेळणंच बदललं. सोकोबान मी करत नाही, दगड कुठे कुठे आहेत ते डोक्यात धरणं मला जमत नाही, त्यामुळे ती बॅग मला सहसा मिळतच नाही.

काळाकातळ, तुम्ही म्हणता तसं सगळं समोर लिहिलेलं असावं हे मलाही हवंय. पण स्फोट झाला ते वाचल्यावर मला वाटलं, हे मी कधीच विसरणार नाही. घाटमाथासुद्धा विसरणार नाहीत.

काळाकातळ:
मध्यरात्र, हा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. गेम थांबतो, हे आम्ही गृहीत धरतो. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

घाटमाथा:
सगळ्यांचे आभार. क्रॉल उतरवून घेतलाय, रविवारी बघतो. पण काल रात्री राहवलं नाही आणि नवीन ड्वार्फ व्हॅल्किरी सुरू केली. चौथ्या मजल्यावर परत अनोळखी वाँड मिळाला! टर्मिनलवालांनी सांगितलं तसं आधी धुळीत एक्स काढला, मग वाँडने लिहिलं, आणि एक्स गायब. हात थांबला खरंच. म्हणजे तिघांपैकी एक. जवळच जनरल स्टोअर होतं, विकायचं नाटक केलं तर दुकानदार ७५ द्यायला तयार झाला, मी नाही म्हटलं. आता यावरून काही कळतं का?

टर्मिनलवाला:
कळतं की! दुकानदार मूळ किमतीच्या निम्मे किंवा एक तृतीयांश देतो. ७५ म्हणजे १५० च्या निम्मे. टेलिपोर्टेशन आणि कॅन्सलेशन दोन्ही २०० चे, त्यांना १०० किंवा ६६-६७ मिळाले असते. तुझा मेक इनव्हिजिबल आहे, बॅग मिळाली की बिनधास्त आत टाक. फक्त इतक्यात स्वतःवर मारू नकोस, अदृश्य गिऱ्हाइकाला दुकानदार आत घेत नाही आणि तुला अजून खरेदी करायचीये.