मदत हवी आहे: चौफुल्यावरच्या जुन्या इमारतीचं वय कसं ठरवायचं?

मंडळी, दोन रस्ते मिळतात तिथे वसलेल्या एका लहान गावातल्या जुन्या इमारतींची नोंद करतोय. चौफुल्यावरच्या विटांच्या दुमजली इमारतीपाशी अडलोय. तिचा कोपरा तिरपा छाटून दार तिथेच काढलंय, दोन्ही रस्त्यांवरचं गिऱ्हाईक आत यावं म्हणून, दुकानच असणार. कागदपत्रं शून्य.

दर्शनी भिंतीत प्रत्येक थरात एक वीट लांबीने, पुढची डोक्याने (आखूड बाजू बाहेर), अशी आलटून पालटून. मागच्या भिंतीत मात्र सगळ्या लांबीनेच. मागचा भाग नंतरचा, की नुसती काटकसर? खालच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, चुन्याच्या आहेत, नखाने भुगा पडतो. वर कडक सिमेंट. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, पण दर्जा नंतर कधीही भरल्या असतील, तेव्हा त्यावरून काही ठरत नाही. माळ्यावरचे खिळे चौकोनी कापाचे. गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास झाले हे ठाऊक आहे, पण जुने खिळे लोक पुन्हा वापरतातच की!

आणखी काय तपासू? शिवाय सिमेंटलगतच्या विटांचे पापुद्रे सुटताहेत. सिमेंट काढून पुन्हा चुना भरावा का? छिन्नी लावली तर विटांच्या कडा उडतील, ही धास्ती आहे.